क्रूझवरून पेनांगला उतरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरला जाणारी आपली मंडळी हल्ली तीन-चार रात्रींची क्रूझ जोडून घेतात, आणि त्यात पुष्कळदा एक थांबा पेनांगचा असतो. मी तिथे तीनदा उतरले आहे: एकदा सासूबाई आणि आत्याबाईंना घेऊन, एकदा बहिणीच्या घरच्यांबरोबर आणि एकदा एकटी. तेव्हापासून ओळखीतलं कुणी निघालं की मला फोन येतो. तेच ते प्रश्न इथे एका जागी मांडले आहेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

१. पेनांग नक्की कुठे आहे आणि जहाज कुठे लागतं?

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, मलाक्काच्या सामुद्रधुनीत हे बेट आहे. मलय भाषेत त्याला 'पुलाउ पिनांग' म्हणतात. पुलाउ म्हणजे बेट आणि पिनांग म्हणजे चक्क सुपारी. तिथल्या राज्याच्या झेंड्यावर आजही पोफळीचं झाड आहे.

जहाज जॉर्ज टाउन शहरातल्या स्वेटनहॅम पिअरच्या धक्क्याला लागतं. छोट्या बोटीत बसून किनाऱ्यावर यायची भानगड नाही. फाटकाबाहेर पडलात की समोर घड्याळाचा मनोरा, बाजूला किल्ला आणि दहा-पंधरा मिनिटांवर जुना बाजार. पोर्ट क्लांगला उतरून क्वालालंपूर गाठायला तासाहून जास्त लागतो, तसं इथे नाही.

२. मलेशियाचा व्हिसा काढावा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ आहे आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. व्हिसा नसला तरी 'एमडॅक' नावाचं डिजिटल आगमनपत्र आहे. ते पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं. क्रूझ कंपनी त्याबद्दल काय कळवते ते वाचा आणि तसं करा. हे पत्र पूर्णपणे फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं हुबेहूब सरकारी दिसतात, त्यांच्यात अडकू नका.

३. सिंगापूरचा व्हिसा तर आहेच, मग आणखी काय बघायचं?

तो एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, हे बघायचं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तुम्ही विमानानं सिंगापुरात शिरता तो पहिला प्रवेश. क्रूझ पेनांगला जाते म्हणजे तुम्ही सिंगापूर सोडता, आणि परत येता तो दुसरा. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर जहाजावर चढतानाच अडवतात. एजंटनं पाठवलेली पीडीएफ उघडा आणि प्रवेश किती वेळा, ती ओळ स्वतः वाचा. 'काढलाय, काळजी नको' एवढ्यावर थांबू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे सिंगापूरचं आगमनपत्र. विमानाच्या वेळी भरलेलं क्रूझवरून परतताना चालत नाही, नव्यानं भरावं लागतं. तेही फुकटच. जहाजावर इंटरनेट महाग असतं, म्हणून पेनांगच्या रेंजमध्ये किंवा सिंगापूर सोडण्याआधी उरकून घ्या. मुदत इथेही ३ दिवसांची आहे.

४. आमच्या भावाकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, बाकी सगळ्यांचे भारतीय. एकत्र जाता येईल?

येईल. अमेरिकन पासपोर्टला थोड्या दिवसांच्या भेटीसाठी दोन्ही देशांत व्हिसा लागत नाही. आगमनपत्रं मात्र त्यालाही भरायची आहेत. त्याचा ओसीआय भारतात शिरताना कामाचा, इथे त्याचा काही उपयोग नाही.

५. पासपोर्ट जहाजावरच ठेवून घेतात म्हणे. मग खाली उतरायचं कसं?

काही जहाजं पासपोर्ट जमा करतात, काही तुमच्याकडेच ठेवतात. जमा केला असेल तर उतरताना काय न्यायचं ते आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दिवसपत्रिकेत छापलेलं असतं. जहाजाचं कार्ड तर लागतंच, त्याच कार्डानं तुम्ही उतरल्याची आणि परतल्याची नोंद होते. मी पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि सिंगापूरच्या व्हिसाची झेरॉक्स वेगळ्या खिशात ठेवते आणि फोनमध्ये फोटोही. का, ते प्रश्न २१ मध्ये कळेल.

६. पत्रिकेत 'दुपारी १ ते रात्री ८' लिहिलंय. म्हणजे सात तास मिळतात ना?

पाच धरा. जहाज लागल्यावर परवानगी मिळेपर्यंत थोडा वेळ जातो. मग लिफ्टपाशी आणि इमिग्रेशनला रांग. शेवटचा चढण्याचा वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीचा असतो. सगळेच त्या वेळी परततात, म्हणून फाटकाशी पुन्हा रांग. वर पेनांगची संध्याकाळची वाहतूक. आम्ही शेवटच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्याच्या परिसरात परत यायचं ठरवून ठेवतो. उरलेल्या वेळात किल्ल्याजवळ समुद्राकडे तोंड करून बसायला छान जागा आहे.

७. घड्याळ कुठल्या वेळेला लावायचं?

जहाजाच्या. मलेशिया आणि सिंगापूर दोन्हीकडे एकच वेळ, आपल्या अडीच तास पुढे. त्यामुळे खुद्द पेनांगला गोंधळ व्हायला नको. पण मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या पलीकडे सुमात्रा आहे आणि तिथली वेळ एक तास मागे. फोननं मध्येच तिकडचा टॉवर पकडला की घड्याळ गुपचूप मागे सरकतं. क्रूझ पुढे फुकेतला जाणार असेल तर थायलंडही एक तास मागेच. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा आणि एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा.

आमच्या आत्याबाईंनी मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं, औषधांच्या वेळा चुकू नयेत म्हणून. दुपारभर 'अगं, अजून अडीचच वाजलेत' चाललं होतं. पाच वाजले होते.

८. जहाजाची सहल घ्यावी की आपापलं फिरावं?

पेनांगला आपापलं. बहुतेक ठिकाणी मी असं सांगणार नाही, पण इथे मुख्य गोष्टी पायी जाण्याच्या अंतरात आहेत आणि इंग्रजी सगळीकडे चालतं. जहाजाच्या बसमध्ये चाळीस माणसं मोजून होईपर्यंत तुमचा एक चहा पिऊन झालेला असतो. अपवाद दोन. पेनांग हिल बघायचीच असेल आणि वेळ कमी असेल तर सहल बरी, कारण उशीर झाला तर जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. दुसरा अपवाद ज्येष्ठांचा: त्यांच्यासाठी पायी फिरण्याऐवजी गाडी, ते प्रश्न १६ मध्ये.

९. चार-पाच तासांत काय बघू? यादी द्या.

यादी देते, पण ती पूर्ण करायचा हट्ट नको.

धक्क्याबाहेरचा घड्याळाचा मनोरा राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून बांधला. वर्षाला एक फूट या हिशेबानं उंची ६० फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या हादऱ्यांनी तो किंचित कलला आहे. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर लक्षात येतं.

शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला. जंगल साफ करायला मजूर तयार होईनात, तेव्हा त्यानं तोफेत चांदीची नाणी भरून झाडीत उडवली, अशी दंतकथा आहे. किल्ल्याला नाव दिलंय तो कॉर्नवॉलिस आपल्याही इतिहासातला आहे: १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके ज्याच्या साथीनं टिपूवर चालून गेले तोच. किल्ल्याचं पक्कं बांधकाम हिंदुस्थानातून शिक्षा देऊन पाठवलेल्या कैद्यांच्या हातून झालं. अंदमानची सेल्युलर जेल १९०६ ची. त्याच्या शंभर वर्षं आधीपासून आपल्याकडचे कैदी 'काळ्या पाण्या'वर इकडे येत होते. हे माहीत असलं की त्या बुटक्या भिंती वेगळ्या दिसतात. नसेल इतिहासाची आवड तर बाहेरूनच पुढे चला, आत फार काही उरलेलं नाही.

तिथून पिट स्ट्रीट, म्हणजे आताची जालान मस्जिद कपितान केलिंग. या एका रस्त्याच्या आसपास १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांच्या करुणेच्या देवीचं, कुआन यिनचं देऊळ, क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मन मंदिर आणि दक्षिण भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारलेली कपितान केलिंग मशीद. चिनी देवळातल्या उदबत्त्या मनगटाएवढ्या जाड असतात आणि धुरानं डोळे चुरचुरतात.

पुढे आर्मेनियन स्ट्रीट. लिथुआनियाचा चित्रकार अर्नेस्ट झकारेविच यानं २०१२ मध्ये काढलेली भिंतीवरची चित्रं इथे आहेत. सायकलवरच्या दोन मुलांचं चित्र सगळ्यांना हवं असतं. मुलं रंगवलेली आणि सायकल खरी, भिंतीला ठोकलेली. फोटोसाठी रांग असते. रांग पंधरा माणसांची असेल तर सोडून द्या, आजूबाजूच्या गल्ल्यांत अशी बरीच चित्रं आहेत. जवळच खू कोंग्सी हे खू कुळाचं सभागृह. त्याच्या छपरावरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघावं असं.

आणि शेवटी च्यू जेटी. वेल्ड की रस्त्यालगत पाण्यात लाकडी खांबांवर उभी वस्ती. एकेका कुळाची एकेक जेटी, त्यांत च्यू कुळाची सगळ्यात मोठी. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून खाली चिखल आणि पाणी दिसतं. दाराशी लाल देव्हारा, चपलांची रांग, आतून टीव्हीचा आवाज. पुढच्या घरांमध्ये दुकानं थाटली आहेत, पण मागे माणसं राहतात. दारातून डोकावून फोटो काढू नका.

हे सगळं जुनं शहर २००८ मध्ये मलाक्का शहरासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. एवढ्यात तीन तास सहज जातात, मध्ये खाण्याचा वेळ वेगळा.

१०. बेटावर जातोय आणि बीच नाही? मुलं ऐकणार नाहीत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर लोकांना आवडत नाही. 'उष्णकटिबंधीय बेट' म्हटलं की डोळ्यांपुढे निळंशार पाणी येतं. पेनांगचं पाणी तसं नाही. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधली खाडी गढूळ आहे आणि बीचवरही पाणी हिरवट-करडंच. जवळचा नावाजलेला किनारा बातू फेरिंगी. वळणावळणाच्या रस्त्यानं एका बाजूला पाऊण तास धरा. जेलीफिश असतात, पोहण्यापेक्षा पॅरासेलिंग आणि जेट-स्की जास्त चालतं. अलिबागला जाऊन आलेल्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही.

तुमच्या क्रूझमध्ये फुकेत किंवा लंगकावी असेल तर बीच तिथे करा. पेनांग हे चालण्याचं आणि खाण्याचं शहर आहे. पोहायचंच असेल तर उलट जहाजाचा तलाव: सगळे खाली उतरलेले असतात, तो रिकामा मिळतो.

११. पेनांग हिल आणि केक लोक सी मंदिर, दोन्ही एका थांब्यात होतील?

सकाळी जहाज लागून रात्री सुटणार असेल तर होतील. अर्ध्या दिवसाच्या थांब्यात एकच निवडा. दोन्ही ठिकाणं आयेर इताम भागात एकमेकांजवळ आहेत, धक्क्यापासून गाडीनं अर्धा तास, गर्दीत जास्त.

टेकडीवर जाणारी दोरखंडावरची रेल्वे १९२३ ची. डबे आता नवे आहेत. वर चढायला दहा मिनिटंही लागत नाहीत, वेळ खाते ती रांग. परदेशी माणसाचं तिकीट स्थानिकांपेक्षा महाग आहे आणि जादा पैसे देऊन जलद रांगेचं तिकीट मिळतं. क्रूझवाल्यांनी तेच घ्यावं, आणि उतरतानाही रांग असते हे विसरू नये. माथा ८३३ मीटरवर, हवा खालच्यापेक्षा चांगलीच गार. ढग उतरला असेल तर मात्र पैसे देऊन धुकं बघाल. खालून माथा दिसत नसेल तर सरळ केक लोक सीला वळा.

केक लोक सीचं बांधकाम १८९० च्या दशकात सुरू झालं. सात मजली पॅगोड्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस बर्मी पद्धतीचा. कुआन यिनची ब्राँझची मूर्ती ३० मीटरहून उंच. पायऱ्या भरपूर आणि त्यांच्या दुतर्फा दुकानं.

१२. फिरायला काय वापरायचं?

जुन्या शहरात पाय. लांब जायचं तर ग्रॅब. ते अ‍ॅप भारतातच उतरवून नंबर पडताळून घ्या, तिथे गेल्यावर ओटीपी आला नाही की पंचाईत. धक्क्याच्या दारातच टॅक्सीवाले गराडा घालतात. दोनशे पावलं पुढे घड्याळाच्या मनोऱ्यापाशी येऊन ग्रॅब बोलावली की भावात फरक पडतो. कॅट नावाची फुकट बस जुन्या शहरात फेऱ्या मारते. टेकडीसाठी २०४ आणि बातू फेरिंगीसाठी १०१ नंबरची बस आहे, पण परतीला बसवर विसंबू नका. फुलांनी सजवलेली तीनचाकी सायकलरिक्षा मौजेची. पैसे बसण्याआधी ठरवा, आणि 'माणशी की रिक्षाचे' हेही विचारा.

१३. पैसे कुठले न्यायचे?

रिंगिट. १ रिंगिट म्हणजे हिशेबाला २० रुपये धरा. टपऱ्यांवर रोख लागते. मॉलमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं. सिंगापूर डॉलर दिले तर दुकानदार घेईलही, पण भाव त्याचा. यूपीआयच्या भरवशावर उतरू नका. सिंगापुरातच थोडे रिंगिट बदलून घेतले तर उतरल्यावर एटीएम शोधावं लागत नाही. सुटी नाणी ठेवा, स्वच्छतागृहाबाहेर लागतात.

१४. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. काय खायचं?

लिटल इंडिया. धक्क्यापासून चालत दहा मिनिटं. पेनांग स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीटच्या भागात तमिळ हॉटेलं आहेत, केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या, पापड. तिथे 'सैवम' हा शब्द पुरतो. तमिळमध्ये शाकाहाराला हेच म्हणतात.

फसगत बाहेरच्या 'व्हेजिटेबल' पदार्थांत होते. परतलेल्या पालेभाजीत बेलाचान असतो, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीचा गोळा. आपल्या जवळ्याची आठवण करून देणारा वास येतो. तिखट संबलमध्ये सुकी मासळी असू शकते. चिनी नूडल्स डुकराच्या चरबीत परततात. 'मीट नाही ना?' विचारलं तर विक्रेता प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण त्याच्या लेखी बेलाचान म्हणजे मसाला. म्हणून नावं घेऊन सांगा: 'ताक माउ दागिंग, आयाम, इकान, उदांग, बेलाचान'. मांस, कोंबडी, मासे, कोलंबी, बेलाचान नको. सासूबाईंनी हे वाक्य देवनागरीत कागदावर लिहून घेतलं आणि दुकानदारापुढे आरतीसारखं म्हटलं. तो हसला, पण कढई धुऊन घेतली.

नाश्त्याला रोटी चनाई: मैद्याची पापुद्र्यांची पोळी आणि वाटीत आमटी. आमटी डाळीचीच मागा, माशाचं कालवणही तशाच वाटीत येतं.

१५. आणि जैन? कांदा-लसूण नको असेल तर?

चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधा. कर्मठ बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण आणि त्या वर्गातल्या उग्र भाज्या वर्ज्य असतात, त्यामुळे अर्धं काम तिथेच होतं. बटाटा, गाजर वेगळं सांगावं लागेल. ताटात कोंबडीचा तुकडा दिसला तर दचकू नका, तो सोयाबीनचा किंवा मशरूमचा असतो. ते बघूनच जेवण जात नसेल तर जहाजावर जेवून उतरा. फळं आणि शहाळं खाली मिळतंच.

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत. व्हीलचेअर चालेल का?

धक्का आणि टर्मिनल सपाट आहे, तिथे अडचण नाही. शहरात आहे. जुन्या दुकानांपुढून जाणारा छपराखालचा पादचारी मार्ग ऐकायला छान वाटतो, पण दर दुकानागणिक त्याची उंची बदलते, मध्येच पायरी, मध्येच उभी केलेली मोटारसायकल, मध्येच कुणाचं टेबल. खुर्ची ढकलायला रस्त्यावरूनच जावं लागतं. च्यू जेटीच्या फळ्यांत चाकं अडकतात.

आम्ही तासाच्या बोलीवर गाडी केली. चर्च, मशीद, देऊळ बाहेरून दाखवून पुलाउ टिकुसला गेलो. तिथे वात चैयामंकलाराम या थाई देवळात ३३ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे आणि रस्त्याच्या पलीकडे बर्मी देऊळ. चालणं थोडं. सासूबाई बुद्धाच्या तळव्यांपाशी बराच वेळ बसल्या. नंतर त्यांनी सांगितलं, गुडघे दुखत होते म्हणून.

१७. मांसाहारी आहोत, एकच पदार्थ खायचा तर?

आसाम लाक्सा. कोकणी माणसाला तर चुकवता कामा नये. आसाम म्हणजे आंबट. कोकमाच्याच कुळातल्या आसाम गेलुगोर फळाच्या सुकवलेल्या फोडी घालून बांगड्याचं आंबट-तिखट कालवण, त्यात तांदळाच्या जाड शेवया, पुदिना, अननस, कांदा, आणि वर कोलंबीच्या काळ्या सॉसचा चमचा. पहिला घास गोंधळात टाकतो, चौथ्यापासून वाटी संपते. दुसरा पदार्थ विचाराल तर चार क्वे त्याओ: चपट्या नूडल्स, कोलंबी, अंडं, शिंपल्या, मोठ्या आचेवर. त्यात बहुधा डुकराची चरबी असते, चालत नसेल तर हलाल ठेल्यावर खा. गोड हवं तर चेंडोल: बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ आणि पांदानच्या हिरव्या शेवया. शाकाहारींनाही चालतं.

नावाजलेल्या टपऱ्या आपापल्या वारी बंद असतात आणि काही फक्त संध्याकाळी उघडतात. एकाच नावाचा हट्ट धरून उन्हात भटकू नका. जिथे स्थानिक रांग आहे तिथे उभं राहा.

१८. हवा कशी असते? देवळात कपड्यांचं काय?

वर्षभर मुंबईच्या मे महिन्यासारखं दमट, आणि कधीही पाऊस. सप्टेंबर ते नोव्हेंबर जास्त. छत्री ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घातले की देऊळ, मशीद, चर्च सगळीकडे चालतं. मशिदीत पर्यटकांसाठी अंगरखे ठेवलेले असतात, नमाजाच्या वेळी आत सोडत नाहीत.

१९. काय विकत घ्यावं? जहाजावर काय नेऊ देत नाहीत?

जायफळ घ्या. पेनांगला फळाच्या गराचे गोड-आंबट तुकडे, सरबत आणि तेल मिळतं. आपल्याकडे कोकणात सालीचं लोणचं करतात, त्याची ही चुलत भावंडं.

दुरियन हे फळ तिथेच खा, उग्र वासामुळे जहाजावर नेऊ देत नाहीत. कापलेली फळं आणि शिजवलेलं अन्नही बहुधा अडवतात. खाली घेतलेली दारू जहाज ताब्यात घेतं आणि शेवटच्या दिवशी परत देतं.

खरी मेख सिंगापूरला परतताना. मलेशियाहून येत असाल किंवा सिंगापूरबाहेर ४८ तासांपेक्षा कमी राहिला असाल तर दारूवर करमाफी नाही. सिगारेटवर तर कुणालाच नाही, एका पाकिटावरही कर भरायचा. च्युइंगम आणि व्हेप नेऊच नका. 'पेनांग ड्यूटी फ्री आहे' असं अजून काही जण सांगतात. ती सवलत १९६९ मध्येच गेली, आता ड्यूटी फ्री आहे ते लंगकावी.

२०. फोनचं रोमिंग पॅक पुरेल का?

जमिनीवर पुरेल. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि ते मलेशिया-सिंगापूरच्या पॅकमध्ये धरलेलं नसतं. जहाज सुटण्याआधी फ्लाइट मोड लावा आणि दुसऱ्या बंदराला लागेपर्यंत काढू नका. बहिणीच्या यजमानांनी एक रात्र विसरून फोन चालूच ठेवला. त्या बिलाचा आकडा ते अजून सांगत नाहीत.

२१. जहाज चुकलं तर?

जहाज थांबत नाही. पासपोर्ट जहाजावर जमा असेल आणि तुम्ही वेळेत आला नाहीत हे लक्षात आलं, तर तो बंदरावरच्या एजंटकडे ठेवून जायची पद्धत आहे. त्या एजंटचा नंबर दिवसपत्रिकेत असतो. उतरताना त्या पानाचा फोटो काढा. पुढच्या बंदराचा किंवा सिंगापूरचा खर्च तुमचा. पेनांगला विमानतळ आहे आणि सिंगापूर विमानानं साधारण दीड तासावर आहे, त्यामुळे आभाळ कोसळत नाही. पण सिंगापूरचा व्हिसा आणि आगमनपत्र (प्रश्न ३) तेव्हाही लागतं, म्हणून ती झेरॉक्स. अपघात किंवा पोलिसांसाठी मलेशियात ९९९.

२२. वादळामुळे जहाजानं पेनांग रद्दच केलं तर पैसे परत मिळतात का?

क्रूझचं भाडं नाही. बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा हक्क कंपनीनं तिकिटाच्या बारीक अक्षरांत राखून ठेवलेला असतो. बंदराचा कर सहसा जहाजावरच्या खात्यात जमा करतात आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात. बाहेरून केलेली गाडी किंवा टेकडीचं आगाऊ तिकीट याचे पैसे त्या त्या लोकांच्या अटींवर. म्हणून गाडी ठरवताना 'जहाज आलं नाही तर?' एवढं एक वाक्य लेखी विचारून ठेवा.